नखांखालची भावकी: 'अ' समरीत गेलेल्या एका खुनाची फाइल

"वकीलसाहेब, डीएनए निघालाय. आता तरी धरतील ना?"

मयत बाईचा भाऊ समोरच्या खुर्चीत बसून हे विचारत होता तेव्हा त्याच्या हातात दोन कागद होते. एक प्रयोगशाळेचा अहवाल, ज्याला आमच्याकडे अजूनही सगळे 'सीए रिपोर्ट'च (केमिकल अ‍ॅनालायझरचा, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) म्हणतात. दुसरी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाची नोटीस: पोलिसांनी 'अ' समरी मागितली आहे, फिर्यादीचं काही म्हणणं असेल तर हजर राहा. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मात्र सापडत नाही. पहिल्या कागदात त्याला आरोपी दिसत होता. दुसऱ्या कागदात पोलीस सांगत होते की आरोपी नाही. मी दोन्ही कागद दोनदा वाचले आणि मला त्याला सांगावं लागलं की दोन्ही बरोबर आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे प्रकरण परभणीकडचं आहे, पण जसंच्या तसं एका घराचं नाही. आमच्या भागातल्या तीन-चार फायलींचे तुकडे शिवून ते उभं केलं आहे, कारण न उलगडलेल्या खुनात ओळख पटेल असं लिहिणं म्हणजे कोर्टाआधी गावानं निकाल देण्यासारखं होतं. तेव्हा गाव शोधू नका. नमुने कसे घेतले गेले, कसे पडून राहिले आणि त्यांतून काय निघालं, ते मात्र आम्ही नेहमी बघतो तेच आहे.

मे महिन्यातली घटना. जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता अजून लागू होती. बाई पन्नाशीच्या आतबाहेरची, विधवा. नवरा गेल्यावर चार एकर भिजतं रान तिच्या नावावर चढलं. एकुलती मुलगी लग्न होऊन जालन्याकडे. बाई आखाड्यावर एकटी राहायची. (परभणी-हिंगोलीकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. बाहेरच्या वाचकानं पैलवान डोळ्यांसमोर आणू नयेत.) दीर, त्याची दोन मुलं, चुलतदीर आणि त्याचा मुलगा, सगळे अर्ध्या किलोमीटरवर गावात. बांधावरून कुरबुर जुनीच, पण अबोला नव्हता. तिच्या म्हशीचं दूध रोज थोरल्या पुतण्याच्या घरी जायचं, आणि त्याचं दोन वर्षांचं लेकरू दिवसभर हिच्याकडेच असायचं. संध्याकाळी त्याला तेल चोळून न्हाऊ घालायचं आणि मग घरी पोचवायचं, हा तिचा नेम. या तेल चोळण्याकडे पुढे यायचं आहे.

सकाळी सहाच्या सुमारास थोरला पुतण्या दुधाला गेला. लिंबाखाली बाज, बाजेवर बाई. चेहरा काळवंडलेला, गळ्यावर वळ. त्यानं तिला हलवलं, हात धरून उठवून बसवलं, आरोळी ठोकली. पंधरा मिनिटांत तीस माणसं जमली. कुणी तोंडात पाणी घातलं. पुतण्याच्या बायकोनं ओल्या फडक्यानं तोंड आणि हात पुसले. शेजारच्या वस्तीवरच्या म्हातारीनं डोकं मांडीवर घेतलं. मग 'छोटा हत्ती' आला, बाईला त्यात घातलं आणि ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी मृत घोषित करून पोलिसांना कळवलं. तपासी अधिकारी पंच घेऊन आखाड्यावर पोचले तेव्हा अकरा वाजत आले होते. बाज उन्हातून गोठ्याच्या सावलीत गेलेली होती आणि तिच्या पायाला शेळी बांधलेली होती.

यात कुणाची लबाडी शोधू नका. बाई मेली आहे की धुगधुगी आहे हे ठरायच्या आधी कुणी पंचनाम्याचा विचार करत नाही, आणि करूही नये. पण पुढे जे काही झालं त्यातलं निम्मं या पाच तासांत ठरून गेलं.

जप्त झालं ते एवढं: बाजेजवळची बिडीची चार थोटकं, आखाड्याच्या दारात पडलेली एक दस्ती (खांद्यावरचा रुमाल), बाजेवरची वाकळ. शवविच्छेदनात कारण निघालं हाताने गळा दाबल्याचं. डॉक्टरांनी दोन्ही हातांची नखं कापून दिली. कानातली फुलं आणि बोरमाळ गायब असल्याचं मुलीनं जबाबात सांगितलं. पत्र्याची पेटी मात्र बंद होती, कुलूपही शाबूत.

थोटकं

पहिला माणूस बिडीवरून सापडला. शेजारच्या शेतातला सालगडी. घटनेनंतर दोन दिवस तो गावात दिसला नाही, बहिणीकडे गेला होता. एवढ्यावरून त्याला उचलला, अटक दाखवली आणि कलम ५३ खाली वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून रक्ताचा नमुना घेतला. सत्तराव्या दिवसाच्या आसपास अहवाल आला: चारपैकी तीन थोटकांवरचा डीएनए त्याचाच.

प्रयोगशाळेचं काम इथे चोख होतं. ओठाला लागलेल्या बिडीवर लाळेतून तोंडाच्या आतल्या त्वचेच्या पेशी उतरतात. आपल्या डीएनएत काही ठिकाणी चार-चार अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कुणाच्यात आठ वेळा, कुणाच्यात तेरा वेळा. अशा वीसेक ठिकाणी प्रत्येकी दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. ही आकड्यांची माळ म्हणजे प्रोफाइल. ती पूर्ण वाचता आली तर एकसारख्या जुळ्या भावाखेरीज दुसऱ्या कुणाची निघण्याची शक्यता धरण्याजोगी उरत नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलेला 'पीसीआर' हा शब्द याच कामातला: मूठभर डीएनएच्या प्रती काढून वाचण्याइतका करायचा. साधारण एक नॅनोग्रॅम, म्हणजे दीडशे पेशींतला डीएनए मिळाला की आजचे तपासणी संच नीट काम करतात. ताज्या थोटकावर तो आरामात मिळतो.

म्हणजे 'कुणाची बिडी' याचं उत्तर पक्कं होतं. पण तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. सालगडी आधी घाबरून म्हणाला की मी तिकडे गेलोच नाही, आणि ते खोटं त्याला महागात पडलं. नंतर म्हणाला की रोज सांजच्याला पाणी प्यायला जातो, बाजेवर टेकतो, बिडी ओढतो. बाईच्या मुलीनंही तेच सांगितलं. थोटकावर तारीख नसते. ते मंगळवारचं की बुधवारचं, बाई जिवंत असतानाचं की मेल्यानंतरचं, हे जगातली कोणतीही प्रयोगशाळा डीएनएवरून सांगू शकत नाही. चौथ्या थोटकावर पुरेसा डीएनएच मिळाला नाही. ते कुणी ओढलं हे आजही कुणाला माहीत नाही, आणि मला राहून राहून त्याच थोटकाची आठवण येते.

अहवाल आला तेव्हा बातमी छापून आली होती, 'डीएनएवरून खुनाचा छडा'. ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, कारण नखांचा अहवाल यायचा होता. ९१व्या दिवशी त्याला कलम १६७ प्रमाणे जामीन मिळाला. तोवर मालकानं दुसरा गडी ठेवला होता. साल पाडव्याला ठरतं, मे-जूनमध्ये मोडलं की वर्षभर कुणी ठेवत नाही. घेतलेली उचल मात्र अंगावर राहिली. त्याच्याविरुद्ध पुढे काहीच निघालं नाही. ती बातमी कुणी छापली नाही.

नखं

आता ज्या कागदासाठी भाऊ माझ्याकडे आला होता तो. घटनेनंतर अकरा महिन्यांनी आलेला.

हाताने गळा आवळला तर माणूस ओरबाडतं. त्यामुळे नखांखाली मारणाऱ्याची कातडी मिळेल ही अपेक्षा रास्तच आहे, आणि कित्येक खटल्यांत ती मिळालीही आहे. अडचण अशी की नखांखाली सगळ्यांत जास्त पेशी असतात त्या स्वतःच्याच. बाईच्या हजारो, परक्याच्या पाच-पन्नास. साध्या चाचणीत बाईचा डीएनए एवढा वरचढ होतो की दुसरा उमटतच नाही. इथेही तसंच झालं: 'मयताच्या प्रोफाइलशी जुळते', एवढंच.

मग तज्ज्ञांनी योग्य तेच केलं. वाय गुणसूत्राची चाचणी लावली. वाय फक्त पुरुषात असतं, त्यामुळे बाईचा डीएनए कितीही असो, तो या चाचणीत मध्ये येत नाही. भाताच्या ढिगातला एकच काळा दाणा वेचावा तसं ते पुरुषाचं तेवढं उचलतं. संच १७ जागा वाचणारा होता. ११ जागा वाचता आल्या. सालगड्याशी त्या जुळल्या नाहीत. पोलिसांनी भावकीतल्या चौघांचे नमुने संमतीनं घेतले होते: दीर, थोरला पुतण्या, चुलतदीर, त्याचा मुलगा. अहवालात लिहिलं होतं, नखांतलं वाय दिराच्या वायशी वाचता आलेल्या सर्व जागी जुळतं.

भावानं इथवर वाचलं होतं. पुढची ओळ त्याला कुणी समजावून सांगितली नव्हती. नखांतलं वाय थोरल्या पुतण्याशीही जुळत होतं. चुलतदिराशीही. त्याच्या मुलाशीही.

वाय बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं उतरतं, आडनावासारखं. बाकीचा डीएनए दर पिढीत पत्त्यांसारखा पिसला जातो, याची बहुतेक लांबी पिसली जात नाही. एखाद्या जागेवरचा आकडा बदलतो तो हजार बाप-लेकांच्या जोड्यांत दोन-तीन वेळा. एका पणजोबाच्या पोटी झालेले सगळे पुरुष १७ जागांच्या चाचणीत बहुधा एकच माणूस दिसतात. शहरात, जिथे संशयित एकमेकांना अनोळखी असतात, तिथे ही चाचणी कामाची आहे. निदान कुणाला वगळायचं ते ती ठामपणे सांगते. सालगड्याला तिनंच वगळलं आणि त्याचे उपकार मानले पाहिजेत. पण आमच्या खेड्यात खुनाचा संशय जातो कुणावर? बांध ज्याला लागून आहे त्याच्यावर. आणि बांध भावकीलाच लागून असतो.

दिराचा धाकटा मुलगा चाकणला कंपनीत होता. लग्नसराईसाठी तो त्या आठवड्यात गावात आला होता. नमुना द्यायला तो आला नाही. अटक नसताना कलम ५३ खाली त्याला भाग पाडता येत नव्हतं, आणि पोलिसांनी फार पाठपुरावाही केला नाही. बाईच्या भावाचा सगळा राग या एका गोष्टीवर होता: "त्याचंच घेतलं नाही बगा." मला त्याला सांगावं लागलं की घेतलं असतं तरी काही हललं नसतं. बाप समोर बसलेला असताना मुलाचं वाय वेगळं काय येणार? तो आला नाही म्हणून तो दोषी ठरत नाही, आणि आला असता म्हणून सुटलाही नसता.

बरं, धरून चालू की हे वाय थोरल्या पुतण्याचंच. त्यानं तिचे हात धरून तिला उठवून बसवलं होतं, तीस लोकांनी पाहिलं. त्याच्या बायकोनं तेच हात घरच्या फडक्यानं पुसले. आता बचावाचा वकील म्हणून उभा राहिलो तर मी एकच प्रश्न विचारीन. आदल्या संध्याकाळी बाईनं काय केलं? पुतण्याच्या लेकराला तेल चोळलं. तेल लावून, बोटं रुतवून, पाठ, मांड्या, पोटऱ्या. ते लेकरू मुलगा आहे. त्याचं वाय त्याच्या बापाचं, आज्याचं, चुलत आज्याचं. नखांखाली सापडलेला पुरुष दोन वर्षांचा असू शकतो.

हे ऐकून भाऊ बराच वेळ गप्प बसला.

यावर विज्ञानाकडे अर्धंमुर्धं उत्तर आहे. वाय गुणसूत्रावर काही जागा अशा सापडल्या आहेत ज्या फार लवकर बदलतात. त्या वापरल्या तर बाप-लेकाच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या जोड्यांत फरक दिसतो, भावाभावांत निम्म्याहून थोड्या जास्त जोड्यांत. नेहमीच्या १७ जागांवर हेच प्रमाण बाप-लेकांत शंभरात चार-पाच असतं. म्हणजे ती चाचणी झाली असती तर कदाचित एक-दोन नावं गळली असती. पण अहवालाच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती, जी मी सगळ्यांत शेवटी वाचली: नमुना तपासणीत संपला.

दस्तीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कमीत कमी तिघांचा मिश्र डीएनए, कुणाचाही ठळक नाही, निष्कर्ष काढता येत नाही. खांद्यावरची दस्ती आमच्याकडे कोण कोण वापरतं हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

नमुना कसा गेला

११च जागा का वाचता आल्या? खात्रीनं सांगता येत नाही, पण मुद्देमालाची नोंदवही बोलकी आहे. नखं प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवली होती. पुसलेल्या, ओलसर हातांची नखं. खरं तर ती सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवायची असतात, कारण बंद प्लास्टिकमध्ये ओल धरली की जंतू वाढतात आणि डीएनए खाऊन टाकतात. डबी ठाण्यातल्या लोखंडी कपाटात १९ दिवस होती. मे महिन्यात, जेव्हा परभणीचा पारा चाळिशीच्या वर असतो. मग एक शिपाई ती आणि इतर चार गुन्ह्यांचा मुद्देमाल पिशवीत घालून एसटीनं घेऊन गेला. मी त्या शिपायाला दोष देत नाही. त्याला शीतपेटी कुणी दिली नव्हती, आणि दिली असती तर त्यात बर्फ कुठून भरायचा हे सांगितलं नसतं.

दोन वेगळे रोग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. उष्णतेनं, ओलीनं डीएनए तुटतो. त्यातून खोटा माणूस दिसायला लागत नाही, खरा माणूस पुसला जातो. दुसरा रोग भेसळीचा, तिथे नसलेला माणूस दिसू लागतो. याचं जगभर गाजलेलं उदाहरण जर्मनीतलं. हाइलब्रॉन शहरात २००७ साली एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला एका बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या चाळीसेक गुन्ह्यांत आधी-नंतर सापडत गेला. खून, चोऱ्या, काहीही. पोलीस दोन वर्षं त्या बाईमागे धावले. २००९ साली कळलं की ती नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्यांच्या कारखान्यातली कामगार होती. काड्या निर्जंतुक होत्या, डीएनएमुक्त नव्हत्या. आमच्या फायलीत शवविच्छेदन कक्षातलं नेलकटर नवीन होतं की आदल्या प्रेतावर वापरलेलं, याची नोंद नाही. डॉक्टर, सफाई कामगार, पंच, शिपाई यांपैकी कुणाचाही नमुना वगळण्यासाठी घेतलेला नाही.

न्यायालयं याकडे आता बारकाईनं बघतात. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात फेब्रुवारी २०१२मध्ये घेतलेले नमुने जवळपास दोन आठवडे मालखान्यात पडून होते. खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी दिली होती, पण नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिन्ही आरोपींना सोडलं, आणि डीएनए अहवाल ज्याच्या आधारावर आहे ते कुणी तपासलंच नाही असं नोंदवलं. त्याआधी २०१९ साली पट्टू राजन खटल्यात याच न्यायालयानं म्हटलं होतं की डीएनए हा तज्ज्ञाच्या मताचा पुरावा आहे, त्याचं वजन प्रकरणागणिक बदलतं. आणि जुलै २०२५मध्ये कट्टावेल्लई खटल्यात, फाशी झालेल्या माणसाला मुक्त करताना, देशभरच्या पोलिसांना सांगितलं की डीएनएचा नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे आणि तो कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला याची नोंदवही ठेवली पाहिजे. ४८ तास आणि १९ दिवस. अर्थात, आमच्या प्रकरणात नखं बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशी पोचली असती तर काय झालं असतं? ११ऐवजी १७ जागा वाचता आल्या असत्या. आणि त्या सतराही जागा भावकीशीच जुळल्या असत्या.

वाट बघण्याचे अकरा महिने

माझी खरी तक्रार प्रयोगशाळेशी नाही, नोंदवहीशीही नाही. केस डायरीशी आहे. पहिले वीस दिवस भरगच्च पानं: जबाब, पंचनामे, फोनचे तपशील. (भावकीतल्या सगळ्यांचे फोन रात्रभर एकाच टॉवरखाली होते. गावाला टॉवर एकच आहे, आखाडाही त्यातच येतो.) नखं रवाना झाल्यानंतर डायरीत पंधरा-पंधरा दिवसांनी एकच वाक्य फिरत राहतं: 'रासायनिक विश्लेषकांचा अहवाल अप्राप्त, तपास चालू आहे.' अकरा महिने. त्या काळात अधिकारी दोनदा बदलले. प्रत्येक नवीन अधिकाऱ्यानं फाइल उघडली, 'डीएनए पेंडिंग' वाचलं आणि मिटली. भाऊ ठाण्यात चकरा मारायचा तेव्हा त्यालाही हेच सांगितलं जायचं, रिपोर्ट येऊ द्या, दूध का दूध होईल. त्यानं विश्वास ठेवला, कारण टीव्हीवर तसंच होतं.

याच जिल्ह्यात, मानवतला, १९७२ ते १९७४ या काळात खुनांची मालिका झाली होती. तेव्हा डीएनए नव्हताच. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांना ती पद्धत सापडली १९८४ साली. मानवतचा तपास मुंबईहून आलेल्या रमाकांत कुलकर्णींनी माणसांशी बोलून केला. त्या तपासाचे गुणदोष हा वेगळा विषय. पण वाट बघत बसण्याजोगा कुठलाच अहवाल त्यांच्यापुढे नव्हता, हे खरं.

बोरमाळेचं काय झालं? पहिल्या आठवड्यात मानवत आणि सेलूच्या सराफांना फोन केल्याची नोंद आहे, प्रत्यक्ष भेटीची नाही. दुसरी गोष्ट तर डायरीत कुठेच नाही, ती मला मुलीशी बोलताना कळली. बाईनं मरणाआधी तीन आठवडे रानाचं बक्षीसपत्र मुलीच्या नावे केलं होतं. नोंदणीकृत दस्त गेला की तलाठी फेरफार टाकतो आणि हितसंबंधितांना नमुना ९ची नोटीस काढतो, हरकत असेल तर पंधरा दिवसांत द्या म्हणून. ती नोटीस भावकीत कधी पोचली, कुणी सही केली, हे तलाठी कार्यालयातल्या एका कागदावर होतं. पोलीस ठाण्यापासून तलाठी सज्जा चालत सात-आठ मिनिटांवर आहे.

नोटिशीवर दिराच्या बायकोचा अंगठा निघाला. बाईच्या मृत्यूआधी नऊ दिवसांची तारीख. तिनं ती देवळीत ठेवली म्हणे. कुणी वाचली, कुणी वाचून दाखवली, तिला आठवत नाही.

यानं खून सिद्ध होत नाही, मला ठाऊक आहे. हेतूचा एक धागा, तोही घरापर्यंत जाणारा, माणसापर्यंत नाही. पण पहिल्या पंधरवड्यात हा कागद हातात घेऊन एकेकाला वेगवेगळं बसवून विचारलं असतं, तर कुणाच्या तोंडून काय बाहेर पडलं असतं? अकरा महिन्यांनंतर सगळ्यांची उत्तरं एकसारखी झालेली होती.

'अ' समरीला आम्ही विरोध केला. फिर्यादीचं ऐकल्याशिवाय न्यायदंडाधिकाऱ्यांना असा अहवाल स्वीकारता येत नाही, हे १९८५च्या भगवंत सिंग निकालापासून पक्कं आहे. अर्जात मी डीएनएबद्दल एकच परिच्छेद लिहिला, बाकी सगळं बोरमाळ, नमुना ९ आणि चौथ्या थोटकाबद्दल. कोर्टानं पुढील तपासाचा आदेश दिला. या वेळी तपासाला आलेल्या सहायक निरीक्षक बाई तरुण आणि कामसू होत्या. त्यांनी तीन गावांतले सराफ पायी फिरून पाहिले. एकानं जुन्या वह्या काढूनही दिल्या. पण मोडीत आलेलं सोनं तिथे वजनानं लिहिलेलं असतं, नावानं नाही. त्या आठवड्यात आलेली एक नोंद बोरमाळेच्या वजनाच्या जवळपास होती. सोनं कधीच वितळलं होतं, आणि दुकानात बसणारा सराफ वारला होता.

जाता जाता: एखादा पूर्ण, अनोळखी प्रोफाइल मिळाला असता तरी तो जुळवून बघायला आपल्याकडे राष्ट्रीय डीएनए पेढी नाही. त्यासाठीचं विधेयक २०१९ साली लोकसभेत आलं आणि २०२३ साली मागे घेतलं गेलं. २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं आरोपींचे जैविक नमुने घ्यायची आणि नोंद ७५ वर्षं ठेवायची मुभा दिली, पण पेढी उभी राहणं वेगळं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नवीन संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं सक्तीचं आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची सवड आहे. तज्ज्ञ आखाड्यावर सहाला पोचतो की अकराला, हा प्रश्न राहतोच. शेळी साडेसहाला बांधली गेली होती.

दुसरीही 'अ' समरी दाखल झाली आहे. तिला हरकत घेतली आहेच, आणि सोबत एक छोटा अर्ज दिलाय: दस्ती, वाकळ आणि चारही थोटकं नष्ट करू नयेत, कागदी पाकिटात हलवावीत. मुद्देमाल कारकुनानं मला सांगितलं की थोटकांची पुडी उंदरांनी कुरतडली आहे, पण आत काहीतरी आहे.

मागच्या तारखेला कोर्टाबाहेर चहा पिताना भावानं विचारलं, "वकीलसाहेब, त्या लेकराचं रक्त घेतलं असतं तर?"

"काका, तरी तेच आलं असतं. त्याचं आणि त्याच्या आज्याचं वेगळं दिसत नाही."

त्यानं कप खाली ठेवला. "ते आता बालवाडीत जायलंय," तो म्हणाला. "परवा बाजारात दिसलं. मोठी आई कुठंय म्हणून मलाच इचारायलं."

पुढची तारीख सतरा दिवसांनंतरची मिळाली.